दादा, खाली बघ

डोळ्यात ड्रॉप्स घालायचं काम मी झोपेतसुद्धा करू शकेन असं मला वाटायचं. दादाला म्हणायचं वर बघ, खालची पापणी बोटाने जराशी ओढायची, तिथे जी खोबण होते त्यात एक थेंब सोडायचा, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा, झालं. दिवसातून दोनदा, कधी चारदा, आणि ऑपरेशननंतर सुरुवातीला तर दर दोन तासांनी. चार वर्षं केलं मी हे. आणि या चार वर्षांत त्याच्या उजव्या डोळ्यात काचबिंदूसाठी ट्यूब जिथे बसवली होती ती जागा मी एकदाही बघितली नाही. कारण ती असते वरच्या पापणीखाली, आणि मी त्याला रोज वर बघायला सांगत होते. वर बघितलं की ती जागा पापणीच्या अजूनच आत जाते. म्हणजे रोज दोनदा मी त्याच्या डोळ्यात डोकावत होते आणि जे बघायला हवं होतं नेमकं तेच सोडून बाकी सगळं बघत होते.

हे लिहायचं बरेच दिवस चाललं होतं, टाळत होते. पण परवा एका ओळखीच्या बाईंनी विचारलं की त्यांच्या यजमानांना काचबिंदूसाठी ट्यूब टाकायचं ठरलंय, इन्फेक्शनची भीती असते का, आणि मी फोनवर तासभर बोलत बसले, तेव्हा वाटलं की हे एकदा लिहूनच काढावं. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, मी फक्त ड्रॉप्स घालणारी बहीण आहे, पण हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून आणि डॉक्टरांचं डोकं खाऊन खाऊन जे कळलं ते पक्कं कळलंय.

आधी ट्यूब म्हणजे काय ते, कारण आम्हालाही पहिली दोन वर्षं नीट माहीत नव्हतं. डोळ्याच्या आत एक पाणी सतत तयार होत असतं, अश्रू नाही हां, अश्रू बाहेरचे, हे आतलं. मिनिटाला साधारण २ ते ३ मायक्रोलिटर, म्हणजे एक थेंब भरायलाही वीसेक मिनिटं लागतील इतकं कमी. ते बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून बाहेर झिरपून जातं. ती जाळी तुंबली की आतलं प्रेशर वाढतं आणि मागची दृष्टीची नस हळूहळू मरत जाते, हा झाला काचबिंदू, आणि मेलेली नस परत येत नाही. ड्रॉप्सने भागलं नाही, लेझरने भागलं नाही, पाण्याला नवी वाट करून देणारं पहिलं ऑपरेशनही एक-दोन वर्षांत व्रण धरून बंद पडलं, दादाचं हे सगळं होऊन गेलं होतं, मग ट्यूब. सिलिकॉनची नळी, बाहेरून जेमतेम ०.६ मिलिमीटर जाड, आतलं भोक त्याच्याही निम्मं. तिचं एक टोक बुबुळाच्या मागच्या नाही तर पुढच्या पाण्याच्या कप्प्यात, आणि दुसरं टोक एका छोट्या प्लेटला जोडलेलं, ती प्लेट डोळ्याच्या पांढऱ्या भागावर मागच्या बाजूला, डोळा हलवणाऱ्या स्नायूंच्या मधे शिवून टाकतात. पाणी नळीतून प्लेटवर येतं, प्लेटभोवती शरीर स्वतःच एक पिशवी तयार करतं, त्या पिशवीतून ते आजूबाजूला शोषलं जातं. मोल्टेनो नावाच्या डॉक्टरांनी १९६९ मध्ये याची सुरुवात केली, मग बेअरवेल्ट नावाची ट्यूब आली, अहमद व्हॉल्व्ह आला. दादाची व्हॉल्व्हवाली होती, १८४ चौरस मिलिमीटरची प्लेट, म्हणजे हाताच्या करंगळीच्या नखापेक्षा बरीच मोठी धरा.

जाता जाता एक गंमत, म्हणजे आता गंमत वाटते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोळ्यातून पाणी-पू बाहेर काढायला डॉक्टरांनी घोड्याचा केस घालून बघितला होता. नंतर कुणीतरी रेशमाचा धागा. मला हे कळलं तेव्हा दादाच्या डोळ्यात खरोखरच पू होता आणि मी हसावं की रडावं अशा अवस्थेत होते.

तर आता मुद्द्याची गोष्ट. ही नळी डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून, काही मिलिमीटर का होईना, वरून वरून जाते. तिच्यावर काय असतं? एक पॅच, म्हणजे ठिगळ, बहुतेक वेळा नेत्रदानातून मिळालेल्या डोळ्याच्या पांढऱ्या कवचाचा किंवा पुढच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे कॉर्नियाचा, तुकडा, कधी हृदयाभोवतीच्या आवरणाचा प्रक्रिया केलेला तुकडा. आणि त्या ठिगळावर कंजंक्टायव्हा, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्यावर असते ती पातळ पारदर्शक त्वचा, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी. बस. जगातले सगळे जंतू आणि डोळ्याचं आतलं स्वच्छ पाणी यांच्यामधे फक्त एवढंच. पापणी दिवसभरात हजारो वेळा वरून घासून जाते. खालून नळीचा उंचवटा. ठिगळ वर्षागणिक विरत जातं, काहींचं लवकर काहींचं उशिरा. आधी ऑपरेशनं झालेली असली की वरची त्वचा आधीच ताणलेली, व्रणांची, रक्तपुरवठा कमी. वर्षानुवर्षांच्या ड्रॉप्सनी डोळा कोरडा. आणि मग एक दिवस तो पापुद्रा विरतो आणि नळी उघडी पडते. दुखत नाही. हे परत लिहिते कारण आम्ही इथेच फसलो, बहुतेकदा दुखत नाही. थोडं खुपतं, पापणीत कचरा गेल्यासारखं, किंवा तेही नाही.

नळी उघडी पडली म्हणजे काय झालं, तर बाहेरून थेट डोळ्याच्या आत जाणारा रस्ता उघडला. नळीच्या कडेकडेने जंतू आत जाऊ शकतात. पापणीच्या कडेला, कातडीवर जंतू सगळ्यांच्याच असतात, त्यांचं एरवी काही चालत नाही कारण दार बंद असतं.

मला आधी वाटायचं की ऑपरेशनचं इन्फेक्शन म्हणजे ऑपरेशन थिएटरमधे काहीतरी हलगर्जीपणा, आणि ते व्हायचं असेल तर पहिल्या आठवड्यात होणार. तसंही होतं, नाही असं नाही. लवकर होणाऱ्या इन्फेक्शनमधे बहुतेक कातडीवरचेच स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू असतात, म्हणूनच ऑपरेशनआधी डोळ्यात ५ टक्क्यांचं बीटाडीन घालतात, पापण्या झाकतात वगैरे. पण ट्यूबची खरी गोम नंतरची आहे. महिन्यांनी, वर्षांनी. आणि तिथे जंतूही वेगळे, स्ट्रेप्टोकॉकस, हिमोफिलस असले, जे जास्त वेगाने नासधूस करतात. पहिला आठवडा पार पडला, पहिला महिना पार पडला, टाके विरघळले, डॉक्टर म्हणाले छान आहे, की आपण मनातल्या मनात ती फाइल बंद करतो. आम्ही केली.

आकडे सांगते म्हणजे उगाच घाबरायला नको. अहमद व्हॉल्व्ह बसवलेल्या ५४२ डोळ्यांचा सौदी अरेबियातला एक अभ्यास २००५ मध्ये छापून आला होता, त्यात ९ डोळ्यांत आतलं इन्फेक्शन झालं, म्हणजे १.७ टक्के. त्या ९ पैकी ६ मध्ये नळीवरची त्वचा विरलेली होती. लहान मुलांमधे प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त होतं, आणि ते पटतं, मुलं डोळे चोळतात आणि काही सांगत नाहीत. दुसरा अमेरिकेतला मोठा अभ्यास, ट्यूब बरी की नेहमीचं ट्रॅबेक्युलेक्टमी, म्हणजे पाण्याला नवी वाट करून देणारं, ऑपरेशन बरं यावर, २१२ डोळे, ५ वर्षांचा निकाल २०१२ मध्ये आला. त्यात इन्फेक्शन ट्यूबवाल्यांत एकाला आणि दुसऱ्या गटात पाच जणांना झालं. म्हणजे इन्फेक्शनच्या बाबतीत तरी ट्यूब उलट बरीच निघाली. पण नळी उघडी पडणं ट्यूबवाल्यांत पाच जणांना झालं होतं. तर त्या बाईंना मी हेच सांगितलं, यजमानांना ट्यूब टाकू नका असं मी अजिबात म्हणणार नाही. दादाची नस जी काही उरली होती ती त्या ट्यूबनेच चार वर्षं वाचवली. मी एवढंच म्हणते की ती टाकल्यावर तिच्याकडे बघत राहावं लागतं, आणि बघत राहायचं म्हणजे प्रेशरचा आकडा बघायचा असं नाही.

प्रेशरचा आकडा. यावरून दादावर आणि स्वतःवर मला अजून राग येतो. आमच्या घरात चार वर्षं डोळा म्हणजे तो आकडा होता. १३ आलं, छान. १४, छान. तपासून आला की दारातूनच ओरडायचा, बारा! जसा काही मार्क सांगतोय. आकडा चांगला येतोय म्हणून फॉलोअप लांबत गेला, चार महिन्यांचा सहा, सहाचा अकरा. मधे एकदा चष्म्याचा नंबर काढायला गेला तिथे हवेचा झोत मारून प्रेशर मोजलं, ७ आलं. आम्ही खूश. मी तर म्हणाले की आता ड्रॉप्स कमी करायला सांगतील बघ. नंतर डॉक्टर म्हणाले की तेव्हाच कदाचित उघड्या पडलेल्या नळीच्या बाजूने पाणी बाहेर गळत असावं, म्हणून कमी आलं असावं, खात्रीने आता सांगता येणार नाही. पण ज्याचं प्रेशर कायम १३ असतं त्याचं अचानक ७ येणं ही पेढे वाटायची बातमी नसते, विचारायची बातमी असते, हे तेव्हा कळलं नाही.

बुधवारी सकाळी डोळा लाल. दादा म्हणाला, "काही नाही गं, डोळे आलेत, ऑफिसात दोघांचे आलेत." खरंच आले होते दोघांचे. मीही मान्य केलं. पाणी येत होतं, जरा चिकट, खुपत होतं. संध्याकाळी जवळच्या एका साध्या डॉक्टरांकडे गेला, ते डोळ्यांचे नव्हते, त्यांनी अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र असलेले ड्रॉप्स दिले. त्यांची चूक म्हणावी तर दादाने त्यांना ट्यूबबद्दल सांगितलंच नाही! विचारलं तर म्हणतो, "त्यांनी कुठे विचारलं?" गुरुवारी लाली कमी झाली. आम्हाला वाटलं गुण आला. स्टिरॉइड लाली आणि सूज खाली आणतं, जंतू मारत नाही, वरून बरं दिसतं आणि आत काम चालूच राहतं. आणि ड्रॉप्समधलं अँटिबायोटिक डोळ्याच्या वरवर राहतं, आत, डोळ्याच्या मागच्या भागात जे जेल भरलेलं असतं, तिथपर्यंत पुरेसं पोचतच नाही. आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी म्हणतात ते तंतोतंत.

शुक्रवारी दुपारी म्हणाला धुकं दिसतंय. रात्री भुवईच्या मागे ठणका सुरू झाला, असा की हा माणूस, ज्याने तीन ऑपरेशनं झाली तरी कधी हूं की चूं केलं नाही, तो रात्री दोन वाजता पलंगावर उठून बसला होता डोकं धरून. मी टॉर्च घेतला. आणि त्याच वेळी मला ऑपरेशननंतर नर्सने सांगितलेलं आठवलं, चार वर्षांपूर्वी सांगितलेलं, की ट्यूबची जागा बघायची असेल तर पेशंटला खाली बघायला सांगा आणि वरची पापणी हलकेच वर करा. तेव्हा मी हो हो म्हटलं होतं. मी म्हटलं, "दादा, खाली बघ."

पापणी वर केली. लाल भडक डोळ्यात, बुबुळाच्या वर, कानाच्या बाजूला, एक लहानसा काचेसारखा चकचकीत तुकडा दिसत होता. दोन मिलिमीटर असेल. बाकी सगळं लाल आणि तेवढं मात्र स्वच्छ, पारदर्शक, टॉर्चच्या उजेडात चमकणारं. मला कळलंच नाही आधी की ती नळी आहे, मला वाटलं पाण्याचा थेंब आहे. मी पापणी सोडली, परत वर केली. थेंब तिथेच.

त्याला मी ते सांगितलं नाही. म्हटलं सकाळी जाऊ. आता विचाराल की तेव्हाच का नाही नेलं, तर बरोबर आहे, तेव्हाच न्यायला हवं होतं. एवढं सगळं वाचून कुणी एकच गोष्ट लक्षात ठेवणार असेल तर ही ठेवा, ट्यूब असलेला डोळा लाल झाला, दुखला किंवा धूसर झाला तर ती इमर्जन्सी, रात्र असो रविवार असो, आणि डोळ्याच्याच डॉक्टरकडे, आणि दारातच सांगायचं की ट्यूब आहे. आमचे सहा तास गेले.

सकाळी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या मशीनवर, बसवल्यावर डॉक्टर बोलायचे थांबले. एरवी ते सतत बोलतात. मग मला बोलावून बाजूच्या स्क्रीनवर दाखवलं, डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात तळाला एक पांढरा थर बसला होता, ताकात लोणी खाली बसलं तर कसं दिसेल तसा, आडवी सरळ रेघ. तो पू. मागचं काहीच दिसत नव्हतं, सगळं गढूळ, म्हणून मग सोनोग्राफी करून बघितलं, मागच्या जेलमधेही पसरलं होतं. एंडोफ्थाल्मायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतलं इन्फेक्शन. हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला आणि आता मला तो न अडखळता म्हणता येतो. एक नारंगी रंगाची पट्टी लावून निळ्या उजेडात गळती बघतात, तीही बघितली, नळीच्या बाजूने हिरवट ओघळ स्पष्ट दिसत होता.

त्यानंतर सगळं भराभर. डोळ्यातलं थोडं पाणी आणि मागचं थोडं जेल सुईने काढून कल्चरला, म्हणजे कोणता जंतू आहे ते वाढवून बघायला, पाठवलं आणि त्याच बैठकीत मागच्या जेलमधे दोन अँटिबायोटिक्सची इंजेक्शनं, व्हॅन्कोमायसिन १ मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडिम २.२५ मिलिग्रॅम, प्रत्येकी ०.१ मिलिलिटरमधे, म्हणजे दोन दोन थेंब. दोन का, तर जंतू कोणता ते कळायला दिवस जातात आणि तोवर दोन्ही प्रकारच्या जंतूंवर काहीतरी पडलेलं हवं. मी विचारलं सलाईनमधून का नाही देत, एवढ्या मोठ्या माणसाला दोन थेंब? तर म्हणाले डोळ्यातल्या त्या जेलमधे रक्तवाहिन्या नसतात, रक्तातून दिलेलं औषध तिथे पुरेसं पोचत नाही, जिथे आग तिथेच पाणी टाकावं लागतं. डोळ्यात सुई म्हटल्यावर माझ्याच पोटात गोळा आला होता, दादा म्हणाला आदल्या रात्रीच्या ठणक्यापुढे ते काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी व्हिट्रेक्टमी, म्हणजे आतलं गढूळ झालेलं जेल कापून बाहेर काढणं, आणि ट्यूब काढणं. ट्यूब काढावीच लागते का यावर डॉक्टरांमधेही मतं आहेत, काही जण आधी इंजेक्शनं देऊन थांबून बघतात, काही जण नळी काढून प्लेट ठेवतात. आमच्या डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं, नळी उघडी आहे, इन्फेक्शन आत आहे, आणि जंतू सिलिकॉनवर एक चिकट थर करून बसतात, पाण्याच्या टाकीला आतून बुळबुळीत थर धरतो ना तसा, त्या थराखालच्या जंतूंवर औषध लागू पडत नाही, तेव्हा ते घर ठेवून भाडेकरू काढायचा प्रयत्न मी करणार नाही. मला पटलं. ज्या ट्यूबचे आम्ही चार वर्षं गोडवे गायले ती एका छोट्या बाटलीत तपासायला गेली.

कल्चरमधे स्ट्रेप्टोकॉकस निघाला. डॉक्टरांचा चेहरा बघून कळलं की स्टॅफिलोकॉकस निघाला असता तर बरं झालं असतं. इन्फेक्शनआधी, म्हणजे ट्यूब चांगली असताना, उजव्या डोळ्याने त्याला ६/१२ दिसायचं, म्हणजे चांगल्या डोळ्याला बारा मीटरवरून वाचता येतं ते सहा मीटरवरून. भरती असताना फक्त हात हलवलेला कळत होता. पंधरा दिवसांनी दोन मीटरवरची बोटं. आता, सहा महिन्यांनी, ६/६०. म्हणजे तक्त्यावरचं सगळ्यात वरचं मोठं अक्षर. त्यावर त्याचं म्हणणं असं की ते अक्षर त्याला आता पाठ झालंय त्यामुळे त्या आकड्यावरही विश्वास ठेवू नका.

आणि ट्यूब गेली म्हणजे काचबिंदू गेला असं नाही ना. प्रेशर परत २८ वर गेलं. परत ड्रॉप्स, गोळ्या, शेवटी जो भाग पाणी तयार करतो त्यालाच लेझरने थोडा भाजून कमी करायचा, तेही केलं. आता १८ आहे. दारातून ओरडत नाही तो आता.

मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? डॉक्टरांनी नंतर शांतपणे सांगितलं की नळी नुसती उघडी पडली असताना, इन्फेक्शनच्या आधी, आला असता तर छोटं ऑपरेशन होतं. नवं ठिगळ, शेजारची त्वचा ओढून वर, गरज पडली तर नळीची दिशा बदलून दुसरीकडून. त्यांच्याकडे अशी नळी उघडी दिसली की दुखत असो नसो, ते त्याच आठवड्यात ऑपरेशनला घेतात, वाट बघत नाहीत. आमच्याकडे ती किती दिवस उघडी होती कुणास ठाऊक. चष्म्याच्या दुकानातलं ते ७ खरंच गळतीमुळे असेल तर तीन आठवडे. तीन आठवडे मी रोज दोन वेळा म्हणजे बेचाळीस वेळा त्याला वर बघायला सांगितलं.

मग आम्ही काय बदललं. दादाच्या डाव्या डोळ्यातही ट्यूब आहे, दोन वर्षांपूर्वीची, हे सांगायचं राहिलंच. म्हणून आता दर रविवारी सकाळी, हात साबणाने धुऊन, खिडकीजवळ, दादा खाली बघ. वरची पापणी भुवईच्या हाडाकडे अलगद ओढायची, डोळ्यावर दाब द्यायचा नाही, आणि मोबाइलने फोटो. फोटोचा फायदा असा की डोळ्याला रोज बघून सवय होते, बदल कळत नाही, पण तीन महिन्यांपूर्वीचा फोटो शेजारी ठेवला की कळतो. ठिगळ असेल तर ती जागा फिकट, जाडसर, थोडी उंच दिसते, नळीची रेघ पुसट. रेघ स्पष्ट दिसायला लागली म्हणजे वरचं विरतंय. चकचकीत दिसली म्हणजे उघडी. आमच्या डॉक्टरांना ही कल्पना आवडली, पण म्हणाले की फोटोत काही दिसलं नाही म्हणून फॉलोअप चुकवायचा नाही, स्लिट लॅम्पला जे दिसतं ते मोबाइलला दिसत नाही. बरोबर आहे, आम्ही परत एका आकड्याऐवजी एका फोटोवर विसंबायला लागू, हे ओळखूनच म्हणाले असणार.

बाकी बारीकसारीक. ड्रॉप्सच्या बाटलीचं टोक पापणीला लावायचं नाही, हे मी चार वर्षं नीट करत होते असं मला वाटायचं, मग लक्ष देऊन बघितलं तर दहातून तीनदा तरी टेकत होतं. उघडलेली बाटली महिनाभराने फेकायची. जुन्या उरलेल्या बाटल्या कपाटातून काढून टाकल्या, सात निघाल्या, त्यातल्या दोन कसल्या होत्या तेही कळेना. पापणीच्या कडा कोमट पाण्याने साफ करायच्या कारण त्याला तिथे कोंडा धरायचा त्रास आहे. डोळे चोळायचे नाहीत, यावर आमची रोज भांडणं. आणि पाकिटात एक चिठ्ठी, दोन्ही डोळ्यांचा इतिहास, ट्यूबचं नाव, कोणत्या कोपऱ्यात, कधी टाकली. ती चिठ्ठी त्याला बावळटपणा वाटतो. मी म्हटलं, त्यांनी कुठे विचारलं म्हणणाऱ्या माणसाने चिठ्ठी ठेवायचीच.

त्या बाईंनी शेवटी विचारलं की मग डॉक्टरांना आधी काय विचारू. मी म्हटलं हे विचारा की ठिगळ कशाचं लावणार, ट्यूब वर टाकणार की खाली. खालच्या बाजूला टाकली तर उघडी पडण्याचा धोका जास्त असतो, पण कधी कधी वर जागाच उरलेली नसते, आधीच्या ऑपरेशनांमुळे, किंवा पडद्याच्या ऑपरेशनात डोळ्यात सिलिकॉन तेल भरलेलं असलं तर खालीच टाकावी लागते, तेव्हा खाली टाकली म्हणून डॉक्टर वाईट असं नाही. आणि हे विचारा की रात्री बारा वाजता डोळा लाल झाला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा. तो नंबर लिहून घ्या. आमच्याकडे नव्हता, म्हणूनही ते सहा तास गेले, फक्त माझ्या भीतीमुळे नाही.

मागच्या रविवारचा फोटो आणि जूनमधला फोटो शेजारी ठेवला तर डाव्या डोळ्यातली रेघ जरा ठळक वाटली. मला वाटली, दादाला नाही वाटली, पण त्याला उजव्या डोळ्याने दिसतं किती आणि डाव्या डोळ्याचा फोटो तो डाव्याच डोळ्याने बघणार, त्यामुळे त्याचं मत धरलं नाही. मंगळवारी दाखवून आलो. ठिगळ थोडं पातळ झालंय, उघडं नाही, गळती नाही, सहा महिन्यांऐवजी आता सहा आठवड्यांनी बोलावलंय. प्रेशर किती आलं ते विचारायला आम्ही दोघंही विसरलो, घरी येऊन कागद बघितला. ११.